कागलचे पावणे

आमच्या घरात पहाटेचा पहिला आवाज चरवीचा. रिकाम्या चरवीत पडणारी पहिली धार पत्र्यावर खडे पडावेत तशी वाजायची आणि चरवी भरत जाईल तसा तो आवाज जाड, मऊ होत जायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, की आता अर्धी झाली, आता फेस काठाला आला, आता आबा म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणणार, "सर की बाई तिकडं." म्हशींशी आबा फार गोड बोलायचे. गल्ली पंचगंगा नदीकडे उतरते तिथे, अगदी शेवटाला आमचं घर. पुढे दोन खोल्या, मागे गोठा, आणि गोठाच घरापेक्षा मोठा. कोल्हापूरच्या गंगावेस चौकात म्हशी उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून द्यायची, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तालमीतून घामाघूम आलेली पोरं ग्लास पुढे करून उभी राहायची, फेसासकट दूध घटाघटा प्यायची आणि मिशी पुसत म्हणायची, "आबा, आज विषय हार्ड!" आबा नुसती मान हलवायचे. पण घरी येताना त्यांच्या चपलांचा आवाज वेगळा असायचा, आणि त्यावरून आईला कळायचं, की आज कौतुक झालंय.

आईचं माहेर चंदगडकडचं. तिकडच्या पावसात वाढलेली बाई कोल्हापूरच्या पावसाला पाऊस म्हणायचीच नाही. "ही काय, झारी हाय," म्हणायची. तिच्या हातची नाचणीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा आणि खर्डा, हे आमचं सकाळचं खाणं. म्हैस व्याली की चार दिवस खरवस. वेलदोड्याचा आणि चिकाचा तो जड वास भिंतींनासुद्धा लागायचा. आई बोलायची कमी. आबांनी काही सांगितलं, की ती "व्हय" म्हणायची आणि कामाला लागायची. त्या "व्हय"मध्ये पटलंय की नाही, हे ओळखायला मला फार वर्षं लागली. आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

दुपारी म्हशी नदीवर न्यायच्या. पोहायला मला कुणी शिकवलं नाही, म्हणजे तसं बसून शिकवलं नाही. आबांनी मला चंद्री म्हशीच्या शेपटीला लावलं आणि सांगितलं, "सोडू नगंस." चंद्री मला घेऊन पैलतीराच्या बाजूला निम्म्यापर्यंत गेली आणि परत आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी शेपूट सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात मी पोहत्या म्हशीच्या पाठीवर उभी राहायला लागले. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका ओरडायच्या, "आबा, पोरीची जात हाय ती!" आबा पाण्यात कमरेइतके उभे राहून हसायचे आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं सांगायचे, "पडली तर पवंल की!" माझा धाकटा भाऊ बाळू काठावर बसून रडायचा. त्याला पाण्याची भीती होती.

मुलाखत घेणाऱ्यांना ही म्हशीची गोष्ट फार आवडते. कोल्हापूरची पोरगी, म्हशीच्या पाठीवर उभी राहिली आणि पुढं समुद्राच्या लाटेवर उभी राहिली, असं त्यांना लिहायचं असतं. मी नाही म्हणत नाही. पण खरं सांगायचं तर दोन्हींत काहीच सारखं नाही. म्हैस ओळखीची असते. हाक मारली तर थांबते.

मी वयात आले आणि एक दिवस आबा म्हणाले, "उद्यापासनं म्हशी बाळू न्हील." एवढंच. आई म्हणाली, "व्हय." बाळूला नदीची भीती होती आणि मला नव्हती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी तो रडत रडत म्हशी घेऊन गेला आणि मी दारात उभी राहिले. नशीब एवढंच, की शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मला तलावावर पोहायला नेलं. तिथं भिंती होत्या, बायकांची वेळ होती, त्यामुळे आबांना चाललं. मी जिल्ह्याला पोहले, राज्याला पोहले. कपाटावर कप साठले. "आमच्या सारीनं" म्हणत आबा गिऱ्हाइकांना माझे कप सांगायचे. त्यांना माझा अभिमान होता, हे मी नाकारत नाही. पण माझ्या पोहण्याला काठ कुठं घालायचा, ते त्यांनी ठरवलेलं होतं.

समुद्र मला मामानं दाखवला. आईचा धाकटा भाऊ, एसटीत ड्रायव्हर. चंदगड डेपोची गाडी घेऊन तो पणजीला जायचा-यायचा. बारावीच्या सुट्टीत मी आजोळी गेले होते तेव्हा तो म्हणाला, "चल गाडीत बस, तुला लई मोठी पंचगंगा दावतो." ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून मी घाट उतरले. किनाऱ्यावर गेलो तर लांब पाण्यात दोन-तीन माणसं फळीवर उभी राहून चाललेली. चाललेली म्हणजे अक्षरशः चाललेली, पाय पुढेमागे करत, मागून लाट कोसळत येतेय आणि ती तिच्या पुढे निवांत. मी मामाला विचारलं, "हे काय करायलेत?" मामा म्हणाला, "काय म्हाइत. फिरंग्यांचं काय खरं न्हाय." त्यातला एक माणूस पाण्याबाहेर आला, तर तो फिरंगी नव्हता. तिथल्याच एका कोळ्याचा मुलगा होता. त्याचं नाव फ्रान्सिस. पुढे बारा-पंधरा वर्षं मी त्यांना फ्रान्सिस सर म्हणत आले.

पदवी झाल्यावर मी त्याच किनाऱ्यावर एका हॉटेलात पोहणं शिकवायची नोकरी धरली. घरी सांगितलं, हॉटेलात नोकरी आहे, बायकांना आणि पोरांना शिकवायचं आहे. ते खोटं नव्हतं. सकाळी सहा ते नऊ मी काय करते, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्या तीन तासांत सरांकडे सर्फिंग शिकताना मी आयुष्यात पहिल्यांदा वाईट खेळाडू होते. नाकातोंडात खारं पाणी, गुडघे सोललेले, बरगड्यांवर फळीचे वळ. सर किनाऱ्यावरून ओरडायचे, "खाली बघू नको गो! पायांकडे बघशील तर पायांतच पडशील!" मी वैतागून ओरडायचे, "मी बघतच न्हवतो!" आणि किनाऱ्यावरची पोरं हसायची, की ही बाई 'बघत नव्हतो' म्हणते. आमच्याकडे पोरी असंच बोलतात, हे त्यांना सांगून मी थकले.

पहिली खरी लाट मिळाली तो दिवस मला आठवतो, पण तिच्याविषयी लिहायला गेलं की शब्द खोटे वाटतात. फळीखाली काहीतरी जिवंत आलं, उचललं, आणि मी उभी होते. आवाज थांबला होता. इतकंच. त्यानंतर मला दुसरं काही नको झालं. दोन वर्षांनी मी पश्चिम किनाऱ्यावरच्या स्पर्धा जिंकायला लागले. लांब फळीचा प्रकार माझा, माझ्या दीडपट उंचीची फळी. एका कंपनीनं मला फळ्या आणि खर्च द्यायला सुरुवात केली, म्हणजे मी धंदेवाईक खेळाडू झाले. आणि मग तो फोटो आला. कोल्हापूरच्या पेपरात, आतल्या पानावर, लाटेवर वाकलेली मी, गुडघ्याच्या वरपर्यंत पाय उघडे. गंगावेशीत दूध प्यायला आलेल्या कुणीतरी तो आबांना दाखवला. बाळूनं मला नंतर सांगितलं, की आबांनी पेपर घडी करून म्हशीच्या पेंडीच्या पाटीखाली सारला. संध्याकाळी कागलहून आत्याचा फोन आला. आबांची थोरली बहीण. "पोरगी हाताबाहेर जायच्या आत उजवून टाक," ती म्हणाली. "माझ्या बघण्यात एक स्थळ हाय."

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच, की देशाचा संघ निवडायचा आहे. बाहेरच्या देशात जागतिक स्पर्धा होती, आणि लांब फळीच्या बायकांमधून आपल्याकडून पहिल्यांदाच एकीला पाठवणार होते. निवड पूर्वेच्या किनाऱ्यावर, चेन्नईच्या खाली. त्या वर्षी मी ज्या ज्या मुलीशी खेळले, तिला हरवलं होतं. सर उघड काही बोलायचे नाहीत, पण माझी फळी ते स्वतः घासायला लागले होते.

निवडीला आठवडा राहिला असताना आबांचा फोन आला. आबा फोनवर कधी बोलायचे नाहीत, म्हणून आवाज ऐकताच मी हातातलं काम टाकून बाजूला आले.

"सारे, तुझ्या आईला ॲडमिट केलंय. सकाळपासनं निस्तं तुझं नाव घेतीया. ये."

"काय झालंय आबा? कुठल्या दवाखान्यात?"

"ते हितं आल्यावर सांगतो. तू निघ पयला."

सर म्हणाले, "जा गो. आईला बघून ये. फळी घेऊनच जा, तिकडूनच पुढची गाडी धर." मामाची गाडी त्या दिवशी कोल्हापूरला जाणारी होती. फळी बसच्या मधल्या वाटेत आडवी घातली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "हे काय दार न्हेताय व्हय कुणाच्या घराचं?" मामा त्याच्यावर खेकसला. एरवी गाडी चालवताना मामा सगळ्या गावांच्या गोष्टी सांगायचा, त्या दिवशी आंबोलीपासून कोल्हापूरपर्यंत तो नुसती गाडी हाकत होता. वाटेत एके ठिकाणी त्यानं गाडी थांबवली आणि बहिणीसाठी चार शहाळी घेतली. घाटात पावसानं समोरचं दिसत नव्हतं. स्टँडवर उतरून मी फोन केला तर आबा म्हणाले, "सोडलंय तिला. घरीच ये."

दारात पाऊल टाकलं आणि तुपाचा वास आला. आई शेगडीपुढे उभी राहून शेवया भाजत होती. अंगावर रोजचंच लुगडं, केस घट्ट बांधलेले, कपाळावर घाम. पलंगावर नवी साडी घडी मोडून पसरलेली, मोरपंखी. मी तशीच फळी खांद्यावर घेऊन उभी राहिले.

"आई? तू बरी हाईस?"

तिनं कालथा थांबवला नाही. "हातपाय धुऊन घे," म्हणाली.

आबा गोठ्यातून आले. हात पुसत पुसत म्हणाले, "परवा कागलचं पावणं येणार हाईत. पोरगा साखर कारखान्यात हाय. घरचा ऊस हाय. निस्तं बघून जाणार, बाकी काय न्हाय."

"तुम्ही आई आजारी हाय म्हणून सांगितलंसा."

"मग काय सांगू? पावणं येणार म्हटल्यावर आली असतीस?"

"न्हाय."

"हां. मग?" आबा म्हणाले. जणू तेवढ्यानं हिशेब मिटला.

गाडी डेपोत लावून माझ्यासोबत आलेला मामा मागे उंबऱ्याबाहेर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. हातातली शहाळी त्यानं पायरीवर एकेक करून ठेवली आणि म्हणाला, "दाजी, हे बरं न्हवं." मग आईकडे बघत म्हणाला, "अक्का, तू तरी." आई शेवया हलवत राहिली. मामा पाणीसुद्धा न घेता गेला. आमच्या घरात माझ्या बाजूनं कुणी बोललं असेल तर ते एवढं दीड वाक्य.

मी सांगितलं, "मी सकाळी जातो. माझी निवड हाय. देशाची हाय आबा, गल्लीची न्हवं." आबा चिडले नाहीत. ते शांतपणे बोलले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "एवढं पावणं येऊन जाऊ दे. मी शबूद दिलाय. मग जा, त्या फळकुटावर बस, न्हायतर समुद्रात बूड." माझं ठरलं होतं, की पहिल्या गाडीनं जायचं. रात्रभर पाऊस पत्र्यावर आदळत होता, आणि पहाटे धारांचा आवाज त्या पावसात ऐकूच आला नाही. उजाडता उजाडता मी फळी रिक्षावर बांधून स्टँडवर गेले. गाड्या ओळीनं उभ्या. कंट्रोलरनं खिडकीतून सांगितलं, "हायवे बंद. बेळगावकडं बंद, पुण्याकडं बंद. घाट बंद. राधानगरी धरणाचं दरवाजं उघडल्यात. घरला जा." मी दुपारपर्यंत तिथं बसले. एकही गाडी हलली नाही. आदल्या संध्याकाळी शेवटची गाडी गेली होती, ती मला मिळाली असती.

पंचगंगेचा पूर आवाज करत नाही. समुद्र सांगून येतो, ही न बोलता चढते. घाटाच्या पायऱ्या गेल्या, देवळं गेली, मग गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायला लागलं, चहासारखं, वर काटक्या आणि चपला. पाव्हण्यांचा दिवस उजाडला तेव्हा आम्ही म्हशी वरच्या शाळेच्या मैदानात नेऊन बांधल्या होत्या आणि शाळेच्या वर्गात बिऱ्हाड मांडलं होतं. कागलहून आत्याचा फोन आला, "हितनं गाडी निघंना. पावणं म्हणत्यात, पुढच्या म्हैन्यात बघू." आबा म्हणाले, "बरं." मी समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेवयांचा डबा आईनं घरातून वाचवून आणला होता. त्या आम्ही शाळेतल्या पोरांना वाटून खाल्ल्या.

आमच्या शेजारी शेखांचं घर. रहीमचाचा म्हशींचे कासरे, गळ्यातले गोंडे, शिंगांचे पट्टे बनवायचे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून काढतात तेव्हा निम्म्या कोल्हापूरच्या म्हशी त्यांचे गोंडे घालून मिरवायच्या. त्यांची सून रुखसाना, दिवस भरलेली. पाणी येतंय म्हणून सगळे निघाले तेव्हा तिला कळा आल्यासारखं वाटलं, म्हणून ते माडीवर थांबले. कळा थांबल्या, पण तोवर पाणी जिन्याला लागलं होतं. बचावाची होडी दुसऱ्या पेठेत अडकलेली. तालमीची पोरं टायरच्या ट्यूब घेऊन गेली, पण कोपऱ्यावर, जिथं नाल्याचं पाणी आडवं घुसत होतं, तिथून परत फिरली. माडीच्या खिडकीतून चाचा ओरडत होते. शब्द कळत नव्हते, पण काय म्हणतायत ते कळत होतं.

पाण्याच्या कडेला सगळी गल्ली उभी होती. आणि आबा मोठ्यानं म्हणाले, "आमची सारी हाय की! तिला येतंय." मग माझ्याकडे वळून, "ते फळकुट आण की गं!"

मी फळी आणली. खरंतर फळी हातात आली तेव्हा मला बरंच वाटलं. दोन दिवस मी बसून होते. कमरेला दोर बांधला, त्याचं टोक पोरांच्या हातात दिलं आणि फळीवर पालथी पडून हातांनी पाणी ओढत गेले. कोपऱ्यावरचा ओघ मी आधी बघून ठेवला, जरा वरून शिरले आणि त्यानंच मला चाचांच्या दारात नेऊन टाकलं. रुखसाना जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. वीस-एकवीस वर्षांची पोर. म्हणाली, "ताई, मला पोहायला येत नाही." मी म्हणाले, "तुला कुठं पवायचंय? म्हशीवर बसल्यागत बस." ती दोन्हीकडे पाय सोडून बसली, हात काठाला घट्ट. मी मागच्या टोकाला धरून पाय मारत फळी ढकलायला लागले. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती आणि मी तिला सांगत होते, "पाण्याकडं बघू नगंस, माझ्या आबांकडं बघ, ते बघ, फेटा दिसतोय का?"

कोपऱ्यावर पाण्यानं फळीचं नाक फिरवलं. पीठगिरणीच्या शटरवर आम्ही आडव्या आपटणार, तेवढ्यात मी डाव्या हातानं विजेच्या खांबाला मिठी मारली आणि उजव्या हातात फळी धरून ठेवली. एकीकडून खांब, दुसरीकडून फळी, फळीवर दोन जीव आणि अख्खा नाला. पोरांनी दोर ताणला. मी खांब सोडला नाही आणि फळीही सोडली नाही. डाव्या खांद्यात जुनं धोतर फाटावं तसा आवाज झाला. तो बाहेर कुणाला ऐकू गेला नसेल. मला आतून ऐकू आला. मग आम्ही हळूहळू ओघातून बाहेर आलो आणि वीस-पंचवीस हातांनी रुखसानाला उचलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात तिला मुलगी झाली.

माझा डावा हात वर होईना. आईनं ओढणीची झोळी करून गळ्यात बांधली. फळी पोरांनी नेली, पुढचे दोन दिवस तिच्यावरून औषधं, दूध, म्हातारी माणसं आणली. निवडीच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात बसून होते. संध्याकाळी सरांचा फोन बाळूच्या मोबाइलवर आला. मागे समुद्राचा आवाज होता.

"कोण?" मी विचारलं.

सरांनी नाव सांगितलं. पूर्वेकडची मुलगी, गुणी, माझ्याकडून दोनदा हरलेली. "निवडणाऱ्यांना मी सगळं सांगितलं," सर म्हणाले, "पूर, रस्ते. ते म्हणाले, ज्या समोर आहेत त्यांच्यातून निवडणार." मग म्हणाले, "बरोबर आहे गो त्यांचं."

"लाटा कशा होत्या?"

"जेवलीस का गो?" सर म्हणाले. म्हणजे लाटा चांगल्या होत्या.

पाणी उतरल्यावर महिन्याभरानं तालमीनं सत्कार ठेवला. चौकात मांडव, हलगी, भिंतींवर अजून पुराची चिखलाची रेघ. माझी फळी मधोमध उभी करून तिला हार घातलेला. तिची शेपटाकडची कड फुटली होती. मला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. नारळ मी उजव्या हातातच धरून राहिले. आबांना बोलायला सांगितलं. आयुष्यात माइकपुढे न गेलेला माणूस, पण ते घडाघडा बोलले. "मी काय केलं न्हाय. आई अंबाबाईनं माझ्या पोरीला बरोब्बर येळंला घरी आणलं. न्हायतर ती कुठं असती? तिकडं समुद्रावर असती की! देवीनं बोलावलं तिला!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रहीमचाचा डोळे पुसत होते. बायकांत आई बसली होती. तिनं मान खाली घातली.

मग माइक माझ्यापुढे आला. मी म्हणाले, "देवीनं न्हाय बोलावलं. आबांनी बोलावलं. आई आजारी हाय म्हणून खोटं सांगून."

हशा पिकला. लोकांना वाटलं मी चेष्टा केली. कुणीतरी ओरडलं, "आबा, लई बेरकी हैसा की!" आबासुद्धा हसले. हलगीवाल्यानं काड्या उचलल्या, आणि पुढं मी काय बोलले ते मलाही ऐकू आलं नाही.

त्यानंतर मी सहा वर्षं स्पर्धा खेळले. खांदा शिवून घेतला. पण लाट पकडायला जो एक शेवटचा जोरकस हात मारावा लागतो, तो माझा नेहमी अर्धा पडायचा. अंतिम फेरीत पोहोचायचे, तिसरी, चौथी यायचे. कंपनीनं अतिशय सभ्यपणे हात काढून घेतला. परदेशच्या पाण्यात देशाच्या नावानं मी कधी उतरले नाही. आता चाळिशी उलटली आहे. सरांच्या जागी मी शिकवते, किनाऱ्यावर उभी राहून ओरडते. लग्न केलं नाही. कागलच्या पाव्हण्यांनी पुढच्या महिन्यात दुसरीकडे जमवलं, असं ऐकलं. मुलगा कसा दिसत होता, तेही मला माहीत नाही.

लोक म्हणतात, "पण बरं झालं, तू होतीस." रुखसाना दर ईदला शिरखुर्म्याचा डबा पाठवते. मी कोल्हापुरात असले तर स्वतः घेऊन येते, पोरगीला पुढे करते. गालावर खळी पडणारी, बडबडी मुलगी आहे. तिच्या तोंडाकडे बघून मी त्या दिवशी तिथं नसते तर बरं झालं असतं, असं मनात आणायची माझी छाती होत नाही. आबांनी मला नुसतं फसवलं असतं, तर मी त्यांच्यावर रागावून मोकळी झाले असते. त्यांच्या खोटेपणाला फळ चांगलं आलं. त्यामुळे माझा राग ठेवायला जागाच राहिली नाही. तो मी वर्षानुवर्षं सोबत घेऊन हिंडते आहे, आणि ज्याला दाखवावा तो म्हणतो, असं कसं गं म्हणतेस?

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. आबा आता थकलेत. म्हशी बाळूचा मुलगा बघतो. आबा दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पुराची गोष्ट सांगतात. त्या दिवशी कुणी नवा पावणा सापडला होता. देवीनं कसं बोलावलं, ते सगळं मी आत बसून पुन्हा ऐकलं. तो गेल्यावर बाहेर आले आणि त्यांच्यापुढे बसले.

"आबा, एक विचारतो. खरं सांगा. त्या वेळंला आई आजारी हाय म्हणून तुम्ही खोटं सांगितलं व्हतंसा. आठवतंय न्हवं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत लबाडी नव्हती. ती असती तर मला सोसलं असतं.

"खोटं कुठलं?" ते म्हणाले. "ताप हुता की तिला. चांगला फणफणून ताप हुता." आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं ए, त्या पुराच्या येळंला तुला ताप हुता का न्हाय?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी उंबऱ्यातून आईकडे बघत होते आणि तिला ते दिसत होतं.

"व्हय," आई म्हणाली. "हुता."

आबांनी माझ्याकडे समाधानानं मान हलवली. भांडी पुन्हा वाजायला लागली. त्या घरात आता दोन माणसांना ती गोष्ट एका तऱ्हेनं आठवते, मामा जाऊन तीन वर्षं झाली, आणि मी दोन दिवस राहून निघून जाणारी. अजून काही वर्षांनी मलाही तसंच आठवायला लागेल, अशी मला भीती वाटते. म्हणून हे लिहून ठेवलं. माझ्या आईला त्या दिवशी ताप नव्हता.